पात्राच्या सुखात नियतीचा वाटा किती?

संथवाचक (धागाकर्ता)

थॉमस हार्डी यांची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ ही १८८६ साली आलेली कादंबरी मी नुकतीच पुन्हा वाचली आणि पहिल्या वाचनात न पडलेला एक प्रश्न या वेळी मनात घर करून बसला. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र सांगतो. त्यात शेवटाकडचा भागही येईल, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावे.

मायकेल हेंचर्ड हा गवताचे भारे बांधणारा तरुण मजूर एका जत्रेत दारूच्या नशेत आपली बायको आणि तान्ही मुलगी एका खलाशाला पाच गिनींना विकतो. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तो एकवीस वर्षे दारूला न शिवण्याची शपथ घेतो आणि ती पाळतोही. अठरा वर्षांनी बायको मुलीला घेऊन त्याला शोधत येते, तेव्हा तो धान्याचा बडा व्यापारी आणि गावाचा मेयर झालेला असतो. तिथून त्याची घसरण सुरू होते. बायकोशी पुन्हा लग्न करून तो जुन्या पापाची भरपाई करू पाहतो, पण ती लवकरच मरते. एलिझाबेथ-जेन आपलीच मुलगी आहे असे तो तिला सांगतो आणि त्याच रात्री कागदपत्रे शोधताना बायकोने लिहून ठेवलेले पत्र त्याच्या हाती लागते. विकलेली मुलगी कधीच वारली, ही मुलगी त्या खलाशाची आहे, असे त्यात लिहिलेले असते. पाऊस पिकांचा नाश करणार या अंदाजावर तो भरमसाट धान्य खरेदी करतो, लख्ख ऊन पडते, घाबरून तो ते पडेल भावाने विकून टाकतो आणि विकून होते न होते तोच हवा बिघडते. ज्या बाईच्या तंबूत बायकोचा सौदा झाला होता, तीच बाई पुढे आरोपी म्हणून त्याच्यासमोर उभी राहते आणि भर न्यायालयात ती जुनी गोष्ट सांगून मोकळी होते.

हार्डी यांनी या कादंबरीतच जर्मन कवी नोव्हालिसचे ‘स्वभाव हीच नियती’ अशा अर्थाचे वचन दिले आहे. तरीही ऊन, पाऊस, पत्र आणि ती तंबूवाली बाई यांतले काहीही हेंचर्डच्या स्वभावातून निपजलेले नाही. माझे मत असे झाले आहे की या माणसाचे सुख नियतीने हिरावून घेतले आणि स्वभावाचे नाव केवळ सांत्वनासाठी पुढे केले गेले. मंडळींना काय वाटते? आणि त्याहून मूलभूत प्रश्न असा की कादंबरीत सारे काही लेखकच ठरवत असताना, पात्राच्या नियतीविषयी बोलण्याला अर्थ तरी काय उरतो?

तळटीप

तुमच्या यादीतल्या निम्म्या योगायोगांमागे नियती नसून साप्ताहिक आहे. ही कादंबरी ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. दर आठवड्याच्या हप्त्यात एखादी तरी घटना घडवण्याच्या नादात आपण हिची कलाकृती म्हणून जेवढी हानी केली तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या कादंबरीची केली असेल, अशा आशयाची कबुली हार्डी यांच्या चरित्रात आहे. ते चरित्र त्यांच्या दुसऱ्या पत्नीच्या नावाने प्रसिद्ध झाले असले तरी बहुतांशी त्यांनी स्वतःच लिहिले होते, त्यामुळे ही कबुली लेखकाचीच मानायला हरकत नाही. हेंचर्डला सुख का मिळाले नाही, याचे एक उत्तर असे की सुखी माणसाची गोष्ट पुढच्या आठवड्यात कोणी विकत घेत नाही.

कोरा_कागद

थोडक्यात, हेंचर्डची साडेसाती आठवड्याच्या वर्गणीवर चालत होती.

अक्षरवेडी

तळटीप यांनी दिलेली माहिती रंजक आहे, पण तिने प्रश्न सुटत नाही. घटना कोणत्याही कारणाने आलेली असो, एकदा ती कादंबरीत आली की पात्राने तिला दिलेला प्रतिसाद हाच आपल्या वाचनाचा विषय असतो.

संथवाचक, तुम्ही सांगितलेले प्रसंग मी जरा वेगळ्या क्रमाने पाहते. बायकोच्या त्या पत्रावर एलिझाबेथ-जेनच्या लग्नाच्या दिवसापर्यंत ते उघडू नये असे लिहिलेले होते. लाखेची मोहर नीट बसली नव्हती, हा झाला योगायोग. वरची सूचना न जुमानता हेंचर्डने ते वाचले, हा मात्र स्वभाव. त्याने मृत बायकोच्या शब्दाचा मान राखला असता तर त्या मुलीवर त्याने पुढची काही वर्षे बापाची माया केली असती, आणि लग्नाच्या दिवशी ते सत्य कळले असते तरी तोवर त्या मायेला रक्ताच्या पुराव्याची गरज उरली नसती. धान्याच्या व्यवहारातही हेच दिसते. अंदाज चुकला यात त्याचा दोष नाही, पण थोडे दिवस कळ न काढता आल्याने त्याने माल फुंकून टाकला. तोच पाऊस त्याचा आधी मित्र आणि मग प्रतिस्पर्धी व्यापारी झालेल्या फार्फ्रेवरही पडला आणि फार्फ्रेचे भले झाले. नियती हेंचर्डसमोर एकेक वस्तू ठेवत जाते आणि प्रत्येक वेळी याला थांबता येत नाही, एवढेच मला दिसते. बायको विकण्याच्या रात्रीही तो थांबू शकला नव्हता.

संथवाचक (धागाकर्ता)

अक्षरवेडी, पत्राविषयीचे तुमचे म्हणणे मला पटले, पण फार्फ्रेचे उदाहरण उलट माझ्या बाजूचे आहे असे वाटते. फार्फ्रे गावात येतो तोच नेमक्या वेळी, खराब झालेला गहू सुधारण्याची युक्ती घेऊन. तो गातो चांगले, हिशेबात पक्का आहे, लोकांना आवडतो, आणि हे सारे त्याला जन्मतःच मिळालेले आहे. हेंचर्डचा उतावळेपणाही जन्मतःच मिळालेला. स्वभाव जर माणसाने स्वतः निवडलेला नसेल, तर ‘स्वभाव हीच नियती’ या वाक्यात स्वभाव नियतीत विरघळून जातो आणि आपण दोघेही एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी सांगत राहतो.

दीर्घसूत्री

उशिरा येत आहे, नावाला जागून.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे आणि त्याची मांडणी ‘नियती की स्वभाव’ अशा दोनच दारांची नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या चेष्टा आणि ‘दैवं चैवात्र पञ्चमम्’. दैव पाचवे आहे. त्याला वगळलेले नाही आणि डोक्यावरही बसवलेले नाही. ‘वेणीसंहार’ नाटकात भट्टनारायणाने कर्णाच्या तोंडी घातलेले ‘दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्’ हे वचन तर शाळेत अनेकांनी पाठ केले असेल. जन्म दैवाधीन, पराक्रम माझ्या अधीन.

आता गंमत पाहा. हे वचन उच्चारणारा कर्ण सुखी होत नाही. पौरुष त्याच्या हाती आहे, पण सुखाचा उल्लेख त्या ओळीत कुठेच नाही. मराठीतल्या कर्णावरच्या कादंबऱ्या वाचताना मला नेहमी वाटते की दैवाने त्याच्याकडून जे घेतले त्यापेक्षा, ते परत मिळवण्याच्या अट्टहासाने त्याचे सुख अधिक खाल्ले. कुंती युद्धापूर्वी त्याला सत्य सांगते तेव्हा त्याच्यापुढे दार उघडलेले असते. तो आत जात नाही, आणि त्या नकारातच त्याचे मोठेपण आहे. सुख आणि मोठेपण यांतले एक निवडायचे असेल तर कादंबरीकार पात्राला मोठेपण देतो, कारण वाचकाला तेच हवे असते.

कोरा_कागद

पाच कारणांत संपादकाचा समावेश नसल्याने तळटीप नाराज होणार.

जुनी_वही

चर्चा सुंदर चालली आहे, पण आतापर्यंत सगळे पुरुष पात्रांविषयी बोलत आहेत आणि सगळ्या पात्रांना निवड करायला वाव आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ घ्या. ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून ती क्रमशः आली, म्हणजे हार्डी यांच्या या कादंबरीनंतर अवघ्या काही वर्षांनी. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिचा नवरा समंजस आहे, तिला शिकवतो, मुंबईच्या बिऱ्हाडात तिच्या वाट्याला थोडे दिवस खरोखरचे सुख येते, आणि मग रघुनाथराव वारतात. इथपर्यंत आपण नियती म्हणू शकतो, कारण मरण कोणाच्या हातात नसते. पण त्यानंतर तिच्यावर जे कोसळते, तिचे केशवपन, शंकरमामंजींच्या घरातला छळ, ते कोणी केले? ते माणसांनी केले, चालीरीतीच्या आधाराने केले, आणि करून झाल्यावर ‘तुझे नशीब’ म्हणून तिच्याच कपाळावर चिकटवले. हरिभाऊंचे सामर्थ्य मला यातच दिसते की दैवाचा प्रहार किती आणि माणसांचा किती, हे ते वाचकाला वेगवेगळे मोजून दाखवतात.

त्याच कादंबरीतली दुर्गी आठवते का? यमूची मैत्रीण. दुर्गीचा नवरा जिवंत आहे आणि तरी तिच्या आयुष्याची माती झाली आहे. वैधव्य हीच काय ती दुर्दैवाची परिसीमा असती तर दुर्गी सुखी असायला हवी होती. दोघींना शेजारी उभे करून लेखक जणू विचारतो की यात दैव नेमके कुठे आहे.

म्हणून ‘स्वभाव हीच नियती’ हे वचन ऐकले की मी सावध होते. यमूच्या स्वभावात काय वाईट होते? हेंचर्ड बायको विकू शकला, कारण त्या जत्रेत ती विकत घेणारा मिळाला आणि तंबूतले बाकीचे लोक बघत बसले. त्या रात्री सूझन विकली गेली, यात तिचा स्वभाव किती आणि तिची नियती किती, हे धाग्यावर अजून कोणी विचारलेले नाही.

अक्षरवेडी

जुनी_वही, सूझनविषयीचा प्रश्न टोचणारा आहे आणि योग्य आहे. भर एवढीच घालते की सूझन त्या खलाशाबरोबर इतकी वर्षे राहिली, ती हा सौदा बंधनकारक आहे असे भोळेपणाने समजून. कोणीतरी ते समजावून सांगेपर्यंत ती संसार करत होती, आणि हार्डी यांनी तो संसार दुःखाचा रंगवलेला नाही. तिचे थोडेफार सुख एका गैरसमजावर उभे होते. हे नियतीचे काम म्हणायचे की अज्ञानाचे, हे मला ठरवता येत नाही.

मधली_ओळ

या विषयावर एक संपूर्ण कादंबरीच आहे, तिचा उल्लेख अजून कसा आला नाही याचे नवल वाटते. थॉर्नटन वाइल्डर यांची ‘द ब्रिज ऑफ सॅन लुईस रे’, १९२७ सालची, आकाराने छोटी. २० जुलै १७१४ रोजी पेरूमधला, लिमा ते कुझ्को या रस्त्यावरचा, दोरखंडांचा पूल तुटतो आणि त्यावरून जाणारी पाच माणसे दरीत पडून मरतात. ही घटना कादंबरीतली आहे, इतिहासातली नव्हे. ब्रदर ज्युनिपर नावाचा धर्मोपदेशक हे पाहतो आणि ठरवतो की या पाच जणांच्या आयुष्यांचा कसून तपास केला तर ईश्वराने नेमके यांनाच का निवडले ते सिद्ध करता येईल. तो वर्षानुवर्षे माहिती गोळा करतो आणि भला मोठा ग्रंथ लिहितो. पुढे धर्मसत्ता त्या ग्रंथासकट त्यालाही जाळते.

पण खरे मर्म मेलेल्यांच्या कहाण्यांत आहे. एका सरदारणीने आयुष्यभर मुलीवर हावरट, दुबळे प्रेम केले आहे, आणि पूल तुटण्याच्या दोनच दिवस आधी तिला प्रथमच धैर्याने प्रेम करण्याची वाट सापडते. एक तरुण जुळ्या भावाच्या मृत्यूनंतर जगायला नकार देत असतो, तो कसाबसा समुद्रप्रवासाला तयार होतो आणि पुलावर येतो. तिसरा, एक म्हातारा, एका लहान मुलाला शिकवून मोठे करण्याचे नवे काम हाती घेऊन निघालेला असतो. सगळे जण एका नव्या सुरुवातीच्या उंबरठ्यावर आहेत. पहिल्यांदा वाचताना मला हा क्रूरपणा वाटला. नंतर वाटले की वाइल्डर नियतीला जे हिरावता येत नाही तेच दाखवत आहेत. सरदारणीचा तो दोन दिवसांचा बदल पूल तुटल्याने खोटा ठरत नाही. सुखाचे मोल त्याच्या मुदतीवर ठरवायचे नसेल तर त्या पुलाने तिचे आयुष्य घेतले, सुख घेतले नाही.

तळटीप

मधली_ओळ, हे वाचायला छान आहे, पण मला ही पळवाट वाटते. माणूस मेला आणि सुख शिल्लक राहिले असे म्हणताना ते सुख नेमके कोणाकडे शिल्लक राहिले? वाचकाकडे. म्हणजे पात्राच्या सुखाचा प्रश्न आपण गुपचूप वाचकाच्या समाधानावर आणून ठेवला.

दुसरे असे की आपण सगळे नियतीला केवळ दुःखाच्या बाजूने पाहत आहोत. शार्लट ब्राँटी यांची ‘जेन एअर’ (१८४७) घ्या. बेघर, उपाशी जेन रात्री ज्या दारात कोसळते ते नेमके तिच्या सख्ख्या आतेभावंडांचे घर निघते. मडेराला असलेला काका तिच्या नावे वीस हजार पौंड ठेवून मरतो. जेनचे ज्याच्यावर प्रेम आहे त्या रॉचेस्टरची पहिली बायको घराला आग लावून छपरावरून उडी टाकते आणि लग्नाचा मार्ग मोकळा होतो. हेंचर्डच्या वाट्याला आलेल्या योगायोगांपेक्षा हे कितीतरी अधिक अविश्वसनीय आहेत, तरीही वाचकांनी कधी मोठी तक्रार केलेली नाही. कथालेखनाच्या वर्गात सर्रास सांगतात की योगायोगाने पात्र संकटात पडले तर चालते, पण योगायोगाने ते संकटातून सुटले तर वाचक लेखकाला माफ करत नाही. जेनने हा नियम दीडशेहून अधिक वर्षे मोडून दाखवला आहे.

कोरा_कागद

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीत दूरदेशी असलेला निपुत्रिक काका हेच खरे दैवत. त्याला नवस बोलावा.

अक्षरवेडी

कोरा_कागद, हसले. पण तळटीप यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘जेन एअर’मध्येच आहे असे मला वाटते. वाचक तक्रार करत नाहीत कारण योगायोगांचा क्रम नीट लावलेला आहे. रॉचेस्टरचे पहिले लग्न उघड झाल्यावर त्याच्याबरोबर तशीच राहून सुखी होण्याची वाट जेनपुढे होती आणि ती तिने स्वतःहून नाकारली, खिशात जवळजवळ काही नसताना. वारसा येतो तो त्यानंतर. आणि आल्यावर ती पहिली गोष्ट काय करते, तर त्या रकमेचे चार वाटे करून तीन आतेभावंडांना देते. वीस हजारांतले पाच हजार तिच्याकडे उरतात. नियतीने दिलेले सुख तिने जसेच्या तसे खिशात घातले असते तर ते काकाचे सुख राहिले असते. वाटून दिल्यामुळे ते तिचे झाले.

हेंचर्डला नियती काहीच देत नाही असे नाही. बायको परत येते, मुलगी मिळते, फार्फ्रेसारखा मित्र मिळतो. कादंबरीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात त्याला दैवाने जेवढे दिले तेवढे फार थोड्या पात्रांना मिळते. त्याला वाटून घेता येत नाही, त्याला मालकी हवी असते.

उंबरठा

नवीन सभासद आहे, अनेक दिवस नुसती वाचत होते. मला यात एक वेगळे पात्र आणावेसे वाटते: टॉलस्टॉय यांच्या ‘ॲना कॅरेनिना’मधला लेव्हिन. ॲनाविषयी सगळे बोलतात, आगगाडी, स्टेशनवरचा सुरुवातीचा अपघात, नियतीची चाहूल वगैरे. लेव्हिनला मात्र नियतीने मागितलेले सारे दिले. जिने एकदा नकार दिला तीच किटी बायको म्हणून मिळाली, मुलगा झाला, शेती आहे, प्रकृती ठणठणीत आहे. आणि शेवटच्या भागात टॉलस्टॉय सांगतात की हा सुखी गृहस्थ गळफास घेण्याच्या भीतीने दोर लपवून ठेवत असे आणि स्वतःवर गोळी झाडू या भीतीने बंदूक घेऊन बाहेर पडत नसे.

मला वाटते की ‘नियतीने सुख दिले’ किंवा ‘नियतीने सुख नेले’ या दोन्ही वाक्यांत काहीतरी घसरते. नियती फार तर परिस्थिती देते. लेव्हिनची परिस्थिती आणि लेव्हिनचे सुख यांच्यात जी फट आहे तिच्यातच टॉलस्टॉय यांचा सगळा आठवा भाग लिहिलेला आहे.

संथवाचक (धागाकर्ता)

उंबरठा, स्वागत आहे, आणि इतके दिवस नुसते वाचत बसलात याबद्दल सौम्य निषेध. लेव्हिनच्या उदाहरणाने माझा मूळ प्रश्नच जरा हलला. मी परिस्थिती आणि सुख यांना एकच धरून चाललो होतो.

दीर्घसूत्री

उंबरठा यांच्याशी सहमत. आपल्या परंपरेतला समत्वाचा विचार याच फटीत बसतो. परिस्थिती दैवाधीन असेल, पण तिच्याकडे पाहण्याची वृत्ती आपली आपण घडवू शकतो. हेंचर्डमध्ये ती वृत्ती नव्हती म्हणून तो दुःखी झाला, असे म्हटले तर बरेच कोडे सुटते.

जुनी_वही

दीर्घसूत्री, तुमच्या अभ्यासाविषयी आदर ठेवून म्हणते, पण हे वाक्य यमूला ऐकवून पाहा. केशवपन झालेल्या मुलीला ‘वृत्ती तुझ्या हातात आहे’ असे सांगणारी माणसे त्या घरात भरपूर होती. वृत्तीचा उपदेश बहुतेक वेळा ज्याच्या हाती न्हाव्याचा वस्तरा नसतो त्यालाच केला जातो.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) पाहा. चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हर्टा बोटीवर भेटतात. मुंबई आली की चक्रधर उतरणार आणि हर्टाला उतरता येणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. मधल्या समुद्रात त्यांना जे लाभले ते त्यांनी पुरेपूर घेतले, वृत्तीत कुठे कमी पडले नाहीत. तरीही मुंबई आली. ही नियती आकाशातून आलेली नाही, ती सरकारी कागदांतून आलेली आहे. ज्या राजवटीने हर्टाला देशोधडीला लावले आणि ज्या नियमांनी तिला किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिले नाही, त्यांना वगळून तिच्या मनोवृत्तीवर चर्चा करणे मला अन्यायाचे वाटते.

दीर्घसूत्री

जुनी_वही, तुमचा आक्षेप गंभीर आहे. मी समत्व हे पात्राने स्वतःसाठी वापरायचे साधन मानतो, दुसऱ्याने त्याच्यावर लादायचे नव्हे. गीतेतही अर्जुनाला युद्धातून पळ काढून शांत बसायला सांगितलेले नाही. पण कादंबरीतल्या घरांत हा विचार कोण कोणाला सांगतो, हे पाहायला हवे, एवढे मान्य.

मधली_ओळ

या वादाचा निकाल लागणार नाही, पण मूळ कादंबरीत त्याला एक उत्तर दिलेले आहे, किंवा निदान एक पात्र दिलेले आहे. एलिझाबेथ-जेनकडे आपण साफ दुर्लक्ष केले. नियतीने तिला हेंचर्डइतकेच हेलकावे दिले. ज्याला बाप समजली तो समुद्रात बुडाल्याची बातमी आली, मग दुसरा बाप मिळाला, त्याने तिला आपलेसे केले आणि दुसऱ्याच दिवसापासून कारण न सांगता तोडायला सुरुवात केली. फार्फ्रे तिला आवडत होता, तो ल्यूसेटा या दुसऱ्या बाईकडे वळला. या सगळ्यात तिने ना नशिबाला बोल लावला, ना सूड घेतला. अखेरीस फार्फ्रेशी तिचे लग्न होते आणि स्वस्थ आयुष्य मिळते. पण हार्डी तिला ‘शेवटी सुखी झाली’ म्हणून सोडून देत नाहीत. दुःखाच्या सर्वसाधारण नाटकात सुख हा अधूनमधून येणारा प्रवेश आहे, हे तारुण्यात शिकलेले ती सुखात असतानाही विसरत नाही, अशा अर्थाच्या वाक्यावर कादंबरी संपते.

जुनी_वही यांच्या दृष्टीनेही पाहता येईल. एलिझाबेथ-जेन आपले सुख ही स्वतःची कमाई मानत नाही. आपल्याला मिळाले तेवढे न मिळता मेलेले अनेक आहेत आणि त्यांची लायकी आपल्याहून कमी नव्हती, हे तिला ठाऊक आहे. हे समत्व दुसऱ्याला उपदेश करणारे नाही.

जुनी_वही

हे मला पटते. फक्त एक नोंद: तिला तिथवर पोहोचवण्यासाठी लेखकाला ल्यूसेटाचा बळी द्यावा लागला.

तळटीप

आता शेवटाचा विषय निघालाच आहे तर संथवाचक यांच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे लेखक असताना नियतीचा अर्थ काय या प्रश्नाला, उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. एलिझाबेथ-जेनचा खरा बाप, म्हणजे बुडाल्याची बातमी खोटी ठरलेला तो खलाशी न्यूसन, तिला शोधत येतो तेव्हा ती मेली असे हेंचर्ड त्याला खोटेच सांगतो. ते उघड झाल्यावर तो गाव सोडतो, आणि तिच्या लग्नाच्या दिवशी पिंजऱ्यात एक गोल्डफिंच पक्षी भेट म्हणून घेऊन परत येतो. ती त्याला कठोर शब्दांत जाब विचारते आणि तो स्वतःच्या बचावाचा एक शब्दही न बोलता निघून जातो. लग्नाला परतण्याचा हा सगळा भाग साप्ताहिकात होता, अमेरिकन आवृत्तीत होता, पण १८८६ च्या इंग्लंडमधल्या पुस्तकातून हार्डी यांनी तो गाळला होता. अटलांटिकपलीकडच्या काही जाणकारांनी आग्रह धरला म्हणून १८९५ च्या आवृत्तीत तो पुन्हा घातला, असे त्यांनीच प्रस्तावनेत लिहिले आहे.

म्हणजे काही वर्षे इंग्लंडमधल्या वाचकांचा हेंचर्ड लग्नाला परतलाच नव्हता. ज्या लेखकाला आपण नियतीच्या जागी बसवतो, त्याचाही पात्राच्या शेवटाविषयी असा दोनदा विचार बदलत होता.

संथवाचक (धागाकर्ता)

ही माहिती मला नवीन आहे आणि तिने माझा प्रश्न चांगलाच उलटापालटा केला. तो भाग नसेल तर हेंचर्ड परिस्थितीने हुसकलेला माणूस राहतो आणि माझे मूळ मत टिकते. तो भाग असेल तर त्याच्यापुढे एक क्षण असा येतो की दोन वाक्ये बोलला असता तरी त्या मुलीने कदाचित त्याला ठेवून घेतले असते. पुढे ती त्याला शोधायला निघते आणि तो नुकताच वारल्याचे तिला कळते, यावरून तिचा राग किती टिकला असता याचा अंदाज येतोच. तिथे पाऊस नव्हता, पत्र नव्हते, तंबूवाली बाई नव्हती. आयुष्यभर ज्याला थांबता आले नाही तो नेमका बोलायच्या वेळी गप्प राहिला.

अक्षरवेडी

संथवाचक, हे गप्प राहणे मला उतावळेपणाच्या उलट वाटत नाही. तिने रागाने विचारले आणि तिचा राग शमेपर्यंत उभे राहण्याची कळ त्याला काढता आली नाही. गव्हाच्या वेळीही असेच झाले होते.

कोरा_कागद

आणि पिंजऱ्यात उपाशी मेलेल्या त्या पक्ष्याचा पिंजरा कोणी वेळेवर उघडून पाहिला असता तर तोही वाचला असता. त्याच्या स्वभावाविषयी मात्र कोणाची तक्रार नसावी.